धावपट्टीच्या टोकाची पाखरे

१९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि प्रशांत महासागरावरून जाणारी अमेरिकेची हवाई वाट धोक्यात आली. इजिप्त, हिंदुस्थान, चीन यांच्याकडे विमाने धाडायची तर ब्राझीलहून अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत उतरायचे आणि तेथून पूर्वेकडे निघायचे, हा मार्ग उरला. मोठी चार इंजिनांची विमाने हा समुद्र एका दमात पार करीत. दोन इंजिनांच्या विमानांना मात्र इंधन पुरत नसे. नकाशात या वाटेच्या जवळजवळ मध्यावर एक ठिपका होता : असेन्शन बेट.

क्षेत्रफळ अवघे ८८ चौरस किलोमीटर, आणि आफ्रिकेचा किनारा सुमारे १,६०० किलोमीटर दूर. ज्वालामुखीच्या राखेचे आणि लाव्ह्याचे हे बेट. १५०३ मध्ये भारताकडे येणाऱ्या आल्बुकर्कने ते येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी पाहिले, म्हणून हे नाव. (१५१० मध्ये गोवा घेणारा तो हाच.) बेट ब्रिटिशांचे, धावपट्टी बांधायला आले अमेरिकन. १९४२ च्या मार्चअखेर लष्करी अभियंत्यांची तुकडी उतरली. धड बंदर नाही, गोडे पाणी जेमतेम. तरीही टेकाड फोडून जुलैत ६,००० फुटांची धावपट्टी तयार झाली. त्याआधीच, १५ जूनला, एक ब्रिटिश विमान अचानक येऊन उतरले. त्याच्या येण्याची खबर नसल्याने अमेरिकनांनी त्याचे स्वागत गोळीबाराने केले!

पण खरी अडचण निघाली ती पाखरांची. धावपट्टीच्या एका टोकाशीच सुरय पक्ष्यांची प्रचंड वसाहत होती. पाठ काळी, पोट पांढरे असा हा समुद्रपक्षी आपल्या लक्षद्वीपमधील पित्ती बेटावरही घरटी करतो. त्याच्या ओरडण्यावरून बेटावरचे लोक त्याला ‘वाइडअवेक’, म्हणजे टक्क जागा, म्हणत. विमानतळाचे नावही तेच पडले. विमानाने वेग घेतला की आवाजाने हजारो पक्षी नेमके त्याच्या वाटेत उडत. इंधनाने जड झालेल्या विमानाला त्या क्षणी वळायला वाव नसतो.

सैनिकांनी धूर केला, सुरुंग उडवले. पाखरे उठत आणि परत बसत. मांजरे आणून सोडली, तर ती बूबी नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्यांनी फस्त केली, असे अमेरिकी हवाईदलाच्या इतिहासात नमूद आहे. आम्हांला ते पटायला जड जाते, कारण १८१५ पासून बेटावर मांजरे सुखाने नांदत होती आणि पक्षीच त्यांचे भक्ष्य होते.

अखेर न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील पक्षिशास्त्रज्ञ जेम्स चॅपिन यांना विचारण्यात आले. त्यांचे उत्तर सरळ होते : पक्षी जागेला धरून आहे तो अंड्यामुळे; अंडीच नष्ट केली तर तो ही जागा सोडेल. सुमारे ४०,००० अंडी फोडण्यात आली. पक्षी बेटावरच्या इतर वसाहतींकडे गेले आणि धावपट्टीचे टोक मोकळे झाले. हा पक्षी एका खेपेस एकच अंडे घालतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो. वैमानिकांचे जीव वाचले हे खरे. पण ज्या ज्ञानाने पक्षी ओळखला, त्याच ज्ञानाने त्याची एक पिढी संपवली, हेही तितकेच खरे.

चॅपिन यांचे कुतूहल मात्र तेथे थांबले नाही. या पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी जुळवून १९५४ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. असेन्शनवरील सुरय दर वर्षी नव्हे, तर साधारण ९.६ महिन्यांनी अंडी घालतात, असे त्यातून दिसले. पुढील निरीक्षणांनी ते पक्के झाले. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर ऋतूंचा धाक फारसा नाही. पिले वाढवायची, मग जुनी पिसे झाडून नवी आणायची, आणि ती आली की पुन्हा अंडी. वर्गात गणित मांडून पाहावे : ९.६ गुणिले ५ म्हणजे ४८ महिने. चार वर्षांत पाच विणी, आणि पाचव्या वर्षी पुन्हा तोच महिना!

१९४७ मध्ये अमेरिकन निघून गेले. क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी पुढील दशकात परतले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश बाँबफेकी विमाने येथूनच सुमारे ६,३०० किलोमीटरवर हल्ला करायला निघाली. वाटेत त्यांना आकाशातच इंधन भरावे लागले. २०१७ मध्ये उखडलेली धावपट्टी मोठ्या विमानांना बंद करावी लागली. तिची दुरुस्ती होण्यास काही वर्षे गेली.

मांजरांचा हिशेबही पुरा झाला. मोहीम काढून ती हटवण्यात आली आणि २००६ मध्ये बेट रानमांजरमुक्त जाहीर झाले. २०१२ मध्ये, शतकाहून अधिक काळाने, फ्रिगेट पक्ष्यांनी लगतच्या खडकावरून येऊन मुख्य बेटावर घरटी केली. सुरयांच्या वसाहती आजही धावपट्टीच्या दक्षिणेकडील माळावर भरतात. त्या माळाला बेटावर ‘वाइडअवेक फेअर’, म्हणजे पाखरांची जत्रा, म्हणतात.