बीज आणि माती : कर्करोग पसरतो कसा, या प्रश्नाचा इतिहास

१/ १८९४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथी, सारे एकत्र काढून टाकायचे, अशी ही पद्धत. पुढे जवळजवळ ८० वर्षे तीच प्रमाण मानली गेली.

२/ तिच्यामागे एक ठाम समजूत होती. कर्करोग मूळ गाठीपासून शेजारच्या भागात, तेथून लसिका ग्रंथींत, असा पायरीपायरीने सरकतो. म्हणून जितके अधिक कापावे तितकी बरे होण्याची आशा अधिक. या समजुतीची किंमत असंख्य स्त्रियांनी मोजली : खोल गेलेली छाती, आखडलेला खांदा, आयुष्यभर सुजलेला हात.

३/ या समजुतीत न बसणारा पुरावा मात्र पाच वर्षे आधीच छापला गेला होता. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू आलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून १८८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. त्यांपैकी २४१ जणांच्या यकृतात कर्करोग पोहोचला होता. प्लीहेत केवळ १७ जणांच्या. रक्त तर दोन्हीकडे जाते. मग हा भेद का?

४/ पॅजेट यांनी शेताचा दाखला दिला. बी चहूकडे उधळले जाते. रुजते मात्र मानवणाऱ्या मातीतच. कर्कपेशी हे बी, अवयव ही माती. केवळ बियांचा अभ्यास पुरेसा नाही, मातीही तपासली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

५/ हा विचार दीर्घकाळ मागे पडला. १९२०च्या दशकात जेम्स यूइंग या मातब्बर विकृतिशास्त्रज्ञाने सोपे उत्तर दिले : रक्तप्रवाह जिकडे नेईल तिकडे पेशी अडकतात आणि वाढतात. अनेक दशके हेच मत प्रभावी राहिले.

६/ १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या रक्तात किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या. २४ तासांनंतर त्यांतील ०.१ टक्क्याहूनही कमी पेशी जिवंत होत्या. १९८० मध्ये इयन हार्ट यांच्यासह त्यांनी उंदरांत फुप्फुस, अंडाशय व मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोवले. त्वचेच्या कर्करोगाच्या त्याच पेशी पहिल्या दोहोंत वाढल्या, मूत्रपिंडाच्या ऊतीत नाहीत. माती खरोखरच निराळी होती.

७/ त्याच सुमारास पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर हॉल्स्टेड यांच्या पद्धतीलाच आव्हान देत होते. कर्कपेशी रक्तावाटे फार लवकर बाहेर पडतात, तेव्हा अधिक कापल्याने आयुष्य वाढणार नाही, असा त्यांचा तर्क. १९७१ आणि १९७६ मध्ये सुरू झालेल्या चाचण्यांनी तो खरा ठरवला : केवळ गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००२ मध्येही निष्कर्ष तोच राहिला.

८/ या प्रश्नाचा एक पैलू मुंबईत तपासला गेला. निदानाच्या वेळीच कर्करोग इतर अवयवांत पसरलेल्या ३५० स्त्रियांवरील टाटा मेमोरियल रुग्णालयाची चाचणी डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. स्तनातील मूळ गाठ काढल्याने या रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. अर्थात, न पसरलेली गाठ वेळीच काढणे हा आजही उपचाराचा पाया आहे.

९/ पॅजेट यांच्या रूपकाला नवे वळण मिळाले ते २००५ मध्ये. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने उंदरांत दाखवले की, गाठीच्या संदेशांमुळे अस्थिमज्जेतील काही पेशी दूरच्या अवयवात आधीच जाऊन बसतात. कर्कपेशी मागाहून येतात. म्हणजे बी पडण्यापूर्वीच माती नांगरलेली असते. २०१५ मध्ये याच गटाने दाखवले की, गाठीतून सुटणाऱ्या सूक्ष्म पुटिकांवरील प्रथिनांवरून कर्करोग कोणत्या अवयवात जाईल हे बऱ्याच अंशी ठरते.

१०/ कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर या प्रसारामुळे होतात. ७३५ नोंदींतून निघालेला प्रश्न शतकभर बाजूला राहिला आणि तोवर शल्यविशारदांची सुरी गरजेपेक्षा खोल जात राहिली. आज संशोधक बियांइतकेच मातीकडेही पाहत आहेत.