बाह्य अ‍ॅक्सेस पॉइंटची निवड

मैदान, बाग, सोसायटीचे आवार, रेल्वेचा फलाट अशा उघड्या जागेत वाय-फाय देण्यासाठी ऊनपाऊस सोसणारे जे यंत्र बसवतात, तो बाह्य अ‍ॅक्सेस पॉइंट. खोक्यावर छापलेला पल्ला पाहून केलेली त्याची निवड बहुधा फसते.

वाय-फायमधला संवाद दुहेरी असतो. अ‍ॅक्सेस पॉइंटची प्रक्षेपणशक्ती वाढवली तर त्याचा आवाज फोनपर्यंत पोचतो, पण फोनचे उत्तर तेवढ्याच क्षीण शक्तीने परत येते. स्क्रीनवर सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच असते. अँटेनाचे तसे नाही. चांगला अँटेना पाठवताना जितका उपयोगी, तितकाच ऐकतानाही. म्हणून शक्तीपेक्षा अँटेनाकडे आधी पाहावे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अँटेना धरून होणाऱ्या प्रभावी प्रक्षेपणावर ४ वॅटची मर्यादाही आहे.

चौफेर अँटेना जागेच्या मध्यावर शोभतो. मात्र त्याची क्षमता (गेन) जितकी जास्त, तितका त्याचा झोत चपटा होतो. तो उंच खांबावर लावला तर पायथ्याशीच सिग्नल कमकुवत राहतो. भिंतीवरून अंगणाकडे किंवा लांबट फलाटाच्या दिशेने झोत टाकायचा असेल तर दिशात्मक अँटेना घ्यावा. तो शेजारच्या जाळ्यांचा गोंगाटही कमी ऐकतो.

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. झाडांची पाने, विशेषतः ओली, त्यात भर घालतात आणि ५ गिगाहर्ट्झला ती अधिक अडवतात. २.४ गिगाहर्ट्झ दूर पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. गर्दीच्या जागी ५ गिगाहर्ट्झचे, कमी शक्तीचे अनेक पॉइंट एका बलाढ्य पॉइंटपेक्षा सरस ठरतात. ५ गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्या रडारसाठीही वापरल्या जातात. रडारचा सिग्नल आढळताच यंत्राला वाहिनी बदलावी लागते, हे विमानतळ किंवा बंदराजवळ ध्यानात ठेवावे.

आवरणासाठी आयपी ६७ हा दर्जा विश्वासार्ह आहे : पहिला अंक धुळीला पूर्ण मज्जाव सांगतो, दुसरा १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरणे. खाऱ्या वाऱ्याचा मात्र त्यात विचार नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर गंजरोधक पट्ट्या आणि स्क्रू वेगळे पाहावे लागतात. उन्हाळ्यात धातूच्या खांबावर, थेट उन्हात यंत्र हवेच्या तापमानाहून बरेच जास्त तापते.

वीज आणि डेटा एकाच इथरनेट केबलमधून नेता येतात. या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे फायबर टाकावा, मग विजेची सोय वेगळी करावी लागते. केबल जोडलेला नेटवर्क स्विच पुरेशी वीज देतो का, हे खरेदीपूर्वीच तपासावे : ८०२.३एएफ मानकात पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात, ८०२.३एटीमध्ये ३०. केबल बाहेरच्या वापराची, उन्हाने न तडकणारी असावी. ती इमारतीत शिरते तिथे लाट-संरक्षक (सर्ज प्रोटेक्टर) लावून त्याचे व खांबाचे अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगला जोडावे. एरवी जवळपास वीज पडली तरी केबलमध्ये उसळणारा दाब आतल्या स्विचपर्यंत पोचतो.