घराण्याचा धंदा चालतो कसा, बिघडतो कुठे? बल्लारपूरच्या पेपर मिलवरून समजून घ्या

मूल, सिंदेवाही, वडसा भागातली राईस मिल घ्या, तालुक्याचे कृषी केंद्र घ्या, नाहीतर मोठी कंपनी. आपल्याकडे बहुतेक धंद्यांच्या मागे एक घर असते. शेअर बाजारातल्या कंपनीतही मोठा हिस्सा एकाच घराकडे राहू शकतो. कागदावर अशा घराला प्रवर्तक म्हणतात.

अशा धंद्याची चाल वेगळी असते. निर्णय लवकर होतो, कारण विचारायचे कोणाला हा प्रश्नच नसतो. धानाचा हंगाम पडला तर घरची पोरे पगार न घेता राबतात आणि मिल तग धरते. पाटीवर आजोबांचे नाव असले की खराब माल देताना नातू दोनदा विचार करतो. पण गल्ला एकच असतो. पोरीचे लग्न त्यातूनच आणि धानाची खरेदीही त्यातूनच. शिवाय बाप चुकत असला तरी त्याला सांगायचे कोणी?

याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बल्लारपूरची पेपर मिल ज्या कंपनीने उभी केली ती 1945 मध्ये स्थापन झाली. संस्थापक लाला करमचंद थापर, मूळचा कोळशाचा व्यापारी माणूस. पुढे 1975 मध्ये कंपनीचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले, लोकांच्या तोंडी बिल्ट. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे या मिलकडे गेला. चामोर्शी तालुक्यात आष्टीलाही कंपनीची मिल झाली.

करमचंद यांना चार मुलगे. पुढे घरात वाटे-हिस्से झाले, तेव्हा बिल्ट ललित मोहन थापर यांच्याकडे राहिली. त्यांनी लग्न केले नव्हते. कारभार पुतण्या गौतम थापर यांच्याकडे गेला. ललित मोहन 2007 मध्ये वारले. त्याच वर्षी बिल्टने मलेशियातली सबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली. परदेशात जंगल आणि मिल घेणे ही मोठी उडी होती. पुढे कर्जाचा डोंगर झाला. जानेवारी 2020 मध्ये बिल्टचे प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली कंपनी न्यायाधिकरणात गेले आणि 2023 मध्ये फिनक्वेस्ट या वित्त कंपनीची योजना मंजूर झाली. घराण्याचा हात सुटला.

यात एक गोष्ट कामगारालाही नीट माहीत नसते. बल्लारपूरची मिल बिल्टने आधीच बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स या उपकंपनीकडे दिली होती. गेटवरचे नाव ओळखीचे, पण हिशेब दुसऱ्याच वहीत. ज्याची मजुरी किंवा मालाचे पैसे अशा ठिकाणी अडकतात, त्याने बिलावर नेमकी कोणती कंपनी आहे ते आधी पाहावे.

मग घराण्याची मालकी वाईटच का? तसेही नाही. गौतम थापर यांच्याच समूहातल्या सीजी पॉवर कंपनीत 2019 मध्ये हिशेबातला घोळ बाहेर आला. संचालक मंडळाने त्यांना अध्यक्षपदावरून काढले. 2020 मध्ये ही कंपनी तामिळनाडूच्या मुरुगप्पा समूहाने घेतली आणि ती पुन्हा उभी राहिली. मुरुगप्पा हेही घराणेच, शंभर वर्षांहून जुने. (त्या घरातल्या एका मुलीला मात्र संचालक मंडळात जागा मागण्यासाठी भांडावे लागले. तो वाद 2023 मध्ये मिटला.) म्हणजे खरा मुद्दा आडनावाचा नाही. चूक दाखवणारा माणूस खुर्चीजवळ आहे का आणि पुढचा मालक कसा निवडला जातो, हा आहे.

निवडीबद्दल डेन्मार्कमधल्या कंपन्यांचा एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे घरातलाच वारस प्रमुख झाला, तिथे बाहेरचा माणूस आणलेल्या कंपन्यांच्या तुलनेत मालमत्तेवरचा नफा किमान 4 टक्के अंकांनी घसरलेला आढळला. पोरगा हुशार असू शकतो, पण तो पोरगा आहे म्हणूनच बसवला तर जोखीम असते.

त्याच बांबूची दुसरी मालकीही आपण पाहिली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतो. वेळ लागतो, बैठकी लांबतात. पण एका घरातल्या वाटणीने गावाचा बांबू अडकत नाही.

लहान धंद्यात मात्र वाटणीच धंदा बुडवते, आणि तीही कागद नसल्यामुळे. दोनच भागीदार असतील, समजा बाप आणि लेक, तर एक गेला की फर्म संपते. दोनपेक्षा जास्त भागीदार असले तरी करारात उलट लिहिले नसेल तर हाच नियम. 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. मिलच्या वाटणीतून बहिणीला वगळले तर खटला पुढे येतो. हा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही, तिथे रूढी पाहिली जाते. म्हणून आदिवासी कुटुंबाने वकिलाला विचारूनच कागद करावा. आणि एकट्याच्या नावावर दुकान असेल तर तो गेल्यावर जीएसटी नंबर आपोआप पोराच्या नावावर होत नाही. वारसाला नवा नंबर घ्यावा लागतो आणि जुन्या खात्यात शिल्लक असलेली कराची जमा अर्ज करून नव्या खात्यावर वळवावी लागते.