दावीद राजा : पुत्राचे बंड, भय आणि विश्वास

स्तोत्रसंहितेतील ३ ऱ्या स्तोत्राचे शीर्षक ते दावीदाच्या पलायनाशी जोडते. हे पलायन शत्रूपासून नव्हे, तर पोटच्या पुत्रापासून, अबशालोमापासून होते. ही कथा २ शमुवेल, अध्याय १३ ते १८ मध्ये येते.

कलहाचे बीज घरातच पडले होते. अम्नोनाने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला. दावीद संतापला, परंतु त्याने पुत्राला शासन केले नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाचा वध करविला आणि तो ३ वर्षे गशूर येथे राहिला. परतल्यावरही २ वर्षे पित्याने त्याला भेट दिली नाही. पुढे लोकांची मने वळवून त्याने हेब्रोन येथे बंड उभारले. राजाचा सल्लागार अहिथोफेलही त्याला मिळाला.

दावीद भ्याला, हे पवित्र लेखक लपवीत नाही. किद्रोन ओलांडून तो मस्तक झाकून, अनवाणी, रडत जैतून डोंगर चढला. तरी त्याचा विश्वास ढळला नाही. याजक सादोकाने आणलेला कराराचा कोश त्याने परत यरुशलेमला पाठविला. देवाची कृपा झाली तर आपण परत येऊ, नाही तर देवाच्या इच्छेस येईल ते होवो, अशी त्याची भूमिका होती. कोशाला त्याने रक्षणाचा ताईत मानले नाही. अहिथोफेलाची मसलत निष्फळ व्हावी अशी त्याने प्रार्थना केली. त्याच वेळी विश्वासू हूशय याला अबशालोमाकडे धाडले. प्रार्थना आणि प्रयत्न दोन्ही एकत्र झाले. शाप देत धोंडे मारणाऱ्या शिमीवरही त्याने हात उगारू दिला नाही.

३ ऱ्या स्तोत्राचा क्रम हाच आहे. प्रथम वैऱ्यांची संख्या, मग ढाल बनलेला परमेश्वर आणि त्यानंतर शांत निद्रा. संकट टळण्यापूर्वीच तो झोपी जातो!

एफ्राईमाच्या रानात दावीदाच्या सैन्याचा जय झाला, पण अबशालोम मारला गेला आणि विजयाचा दिवस शोकाचा झाला. विश्वासाने दावीदाचे सिंहासन राखले. वेळीच न केलेल्या न्यायाची किंमत मात्र टळली नाही.

सामान्य काळातील ४ थ्या आठवड्याच्या सोमवारी, सम वर्षांत, हे पलायन व हे स्तोत्र मिस्सामध्ये एकत्र वाचले जाते. ज्यांच्या घरात आज अबोला आहे, त्यांनी ते आवर्जून ऐकावे.