जमीन एकाची, शिसे दुसऱ्याचे

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात वर्क्सवर्थ नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील मूट हॉल या इमारतीत १५१३ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, घडविलेले एक लांबट धातूचे माप जतन केलेले आहे. त्यात सुमारे १४ पाइंट, म्हणजे जवळपास आठ लिटर, मावतात. शिशाचे खनिज मोजण्याचे हे प्रमाण माप. इंग्रजीत त्याला नुसते ‘डिश’ म्हणत. खाणीवर हक्क कोणाचा, तो मिळवायचा कसा आणि गमवायचा कसा, या साऱ्याचा हिशेब या भागात शतकानुशतके याच मापाने होत आला.

इंग्लंडचा सर्वसाधारण नियम याहून वेगळा आहे. जमीन ज्याची, त्याचीच तिच्या पोटातील खनिजे. सोने आणि चांदी मात्र राजाची. शिशाच्या खनिजात थोडीफार चांदी बहुधा असतेच. त्यात १५६८ साली नॉर्थम्बरलंडच्या अर्लविरुद्धच्या खटल्यात, ज्या खाणीत सोने-चांदी मिसळलेली असेल ती राजाची, असा निकाल लागला. त्यामुळे जमीनदारांच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली. १६८८ आणि १६९३ च्या कायद्यांनी ती दूर केली. शिसे, तांबे, कथील वा लोखंडाच्या खाणीत मौल्यवान धातूचा अंश सापडला, एवढ्याने ती राजाची होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे विसाव्या शतकात खनिज तेल आणि कोळसा सरकारने आपल्याकडे घेतला. शिसे मात्र खासगीच राहिले.

डर्बीशायरच्या डोंगराळ पीक प्रदेशातील ‘किंग्ज फील्ड’ हा या नियमाला मोठा अपवाद. येथील खनिजाचा धनी लँकेस्टरच्या डचीचा अधिपती, अर्थात इंग्लंडचा राजा किंवा राणी. परंतु खणण्याचा हक्क कोणाचाही. शीर शोधून काढील त्याची खाण, मग शेत कोणाचेही असो. १२८८ साली अ‍ॅशबोर्न येथे झालेल्या चौकशीत ही वहिवाट नोंदविली गेली. तेव्हाही ती नवी नव्हती. चर्चची दफनभूमी, बाग, फळबाग आणि हमरस्ता एवढी ठिकाणे सोडून खाणकामगाराने कोठेही कुदळ मारावी. जवळच्या रस्त्यापर्यंत वाट आणि खनिज धुण्यासाठी पाणी हेही त्याचे हक्कच. शेतमालकाने नुसते पाहायचे!

हक्क पदरात पडण्याची रीत साधी होती. खनिज लागले की ‘बारमास्टर’ या अधिकाऱ्याला बोलवायचे आणि पहिले भरलेले माप त्याच्या हवाली करायचे. मग तो शिरेच्या लांबीवर ‘मीअर’ या एककाने जागा मोजून देई. मीअरची लांबी ठिकठिकाणी निराळी होती. वर्क्सवर्थकडे ती २९ यार्ड धरीत. शोधणाऱ्याला पहिले दोन मीअर मिळत, त्याला लागून असलेला काही भाग राजाचा राही. यापुढे निघेल त्या खनिजातील दर तेरावे माप राजाचे, शिवाय विक्रीच्या परवानगीसाठी वेगळी रक्कम. चर्चही दहावा हिस्सा मागे आणि त्यावरून भांडणे होत. राजाचे हे उत्पन्न प्रत्यक्षात मक्त्याने दिले जाई. मक्तेदाराला खाणी वाढण्यातच नफा असल्याने तो पुष्कळदा शेतमालकापेक्षा कामगाराची बाजू घेई, हे ध्यानात घ्यावे लागते.

मात्र हा हक्क कामाचा होता, कागदाचा नव्हे. ताब्याची खूण म्हणून खाणीच्या तोंडावर लाकडी रहाट उभा असावा लागे. काम बंद पडल्याची तक्रार आली की बारमास्टर येऊन रहाटाच्या लाकडावर खाच पाडी. आठवड्याच्या अंतराने अशा तीन खाचा पडल्या आणि तरीही काम सुरू झाले नाही, तर खाण जाई आणि ती चालविण्यास तयार असलेल्या दुसऱ्याला मिळे. खाणीत पाणी भरले असेल किंवा हवा खेळत नसेल, तर खाच पडत नसे. गरीब माणसाला दूरच्या मालकाची ओस पडलेली खाण कायदेशीरपणे मिळू शकेल, अशी तरतूद त्या काळातील इंग्लंडमध्ये विरळाच. चोरीला मात्र क्षमा नव्हती. तिसऱ्यांदा खनिज चोरणाऱ्याचा तळहात सुरीने रहाटाला खिळून ठेवावा, असे जुने नियम सांगतात.

चालू खाण विकता येई, वारसाला देता येई, वाटूनही घेता येई. या व्यवहारांच्या नोंदी बारमास्टरच्या वहीत होत आणि तंटे ‘बारमोट’ न्यायालयात खाणकामाच्या जाणकार पंचांपुढे चालत. खाणी खोल गेल्या तसे एकट्याचे काम राहिले नाही. मालकी चोविसाव्या, अठ्ठेचाळिसाव्या, शहाण्णवाव्या हिश्शांत विभागली गेली आणि हिस्से व्यापारी व सरदारांच्या हाती गेले. पाणी काढण्यासाठी डोंगरातून लांबच लांब बोगदे खणावे लागले. ज्याने बोगदा खणला त्याला त्यामुळे कोरड्या झालेल्या खाणींतील खनिजाचा वाटा मिळे. क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइटने आपली सूतगिरणी १७७१ साली अशाच एका बोगद्याच्या पाण्यावर उभारली. पुढे अधिक खोल बोगद्याने ते पाणी ओढून नेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८३९ साली गिरणीवाल्यांच्या विरोधात निकाल लागला. खाणीसाठी काढलेले पाणी कायम वाहत राहावे, असा हक्क गिरणीला नाही, असे न्यायाधीशांनी ठरविले.

ही मोकळीक सर्वत्र मिळाली नाही. शेजारच्या हॅडनमध्येही तीच वहिवाट लागू करावी, म्हणून सतराव्या शतकात खाणकामगार रटलंडच्या अर्लशी दीर्घकाळ झगडले. त्यांना यश आले नाही. उत्तर पेनाइन्स डोंगरांत तर चित्रच उलटे होते. ऑल्स्टन मूर ही डरवेंटवॉटरच्या अर्लची जहागीर. त्याने १७१५ च्या बंडात भाग घेतला, १७१६ साली त्याचा शिरच्छेद झाला आणि जहागीर जप्त झाली. १७३५ साली ती ग्रिनिच येथील नौसैनिकांच्या रुग्णालयाला देण्यात आली. रुग्णालयाने खाणी लंडन लेड कंपनीसारख्यांना भाडेपट्ट्याने दिल्या. तेथील कामगार ठरावीक मुदतीच्या करारावर, निघालेल्या खनिजाच्या वजनावर मजुरी घेई. शीर त्याने शोधली तरी ती त्याची होत नसे.

पीक प्रदेशातील वहिवाट १८५१ आणि १८५२ च्या दोन कायद्यांनी लेखी झाली. तिची एक मर्यादा पुढे फार महत्त्वाची ठरली. हक्क फक्त शिशाचा. त्याच शिरेत सापडणारे फ्लोरस्पार व बॅराइट जमीनमालकाचेच. ते पूर्वी निरुपयोगी म्हणून ढिगाऱ्यात टाकले जाई. विसाव्या शतकात पोलाद आणि रसायन उद्योगांमुळे त्याला भाव आला. शिशाची मोठी मिलक्लोज खाण पाण्याने भरून १९३९ च्या सुमारास बंद पडली. त्यानंतर जुन्या शिरांचे मोल फ्लोरस्पारमुळेच उरले आणि ते मोल जमीनमालकाच्या पदरात पडले.

बारमोट न्यायालय मात्र कायद्याने रद्द झालेले नाही. मूट हॉलमध्ये ते एप्रिलमध्ये भरविण्याची प्रथा आहे. पंच शपथ घेतात. पाव, चीज आणि चिकणमातीच्या चिलमींत तंबाखू त्यांच्यापुढे ठेवली जाते.