पडझड आणि ऱ्हास

आपल्या क्रीडावृत्तांतांत ‘फलंदाजी कोसळली’ आणि ‘फलंदाजीचा दर्जा खालावला’ या दोन विधानांमध्ये फारसा भेद केला जात नाही. वस्तुतः पहिली एक घटना आहे आणि दुसरी एक प्रक्रिया. वाङ्मयेतिहासात एखाद्या लेखकाचे फसलेले पुस्तक आणि एखाद्या वाङ्मयप्रकाराची ओहोटी यांत आपण फरक करतो. भारतीय फलंदाजीच्या इतिहासाकडे पाहतानाही तो करावा लागतो. अन्यथा दोष भलत्याच्या माथी जातो.

1952 च्या लीड्स कसोटीत भारताच्या पहिल्या डावात विजय मांजरेकरांनी 133 आणि कर्णधार विजय हजारे यांनी 89 धावा केल्या. दोघांनी 222 धावांची भागीदारी रचली. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी तंबूत परतले होते. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि चौथे स्वतः मांजरेकर! पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रुमन यांनी त्यांपैकी तिघांना बाद केले. शतक आणि भोपळा एकाच फलंदाजाचे, एकाच सामन्यातले. मग या शून्याचा अर्थ गुणवत्तेच्या अभावात शोधता येईल काय? अशा वेगाचा सराव देणारे गोलंदाज आणि खेळपट्ट्या तेव्हा आपल्याकडे नव्हत्या, हे कारण अधिक पटणारे आहे. तरीही हजारे यांनी दुसऱ्या डावात 56 आणि दत्तू फडकरांनी 64 धावा केल्या, हे मात्र सहसा कुणाच्या स्मरणात नसते.

1974 साली लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव 42 धावांत आटोपला. त्याच सामन्यात पहिल्या डावात भारताने 302 धावा केल्या होत्या. 42 पैकी नाबाद 18 धावा एकनाथ सोलकरांच्या होत्या. इतर कुणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही. 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणारे अजित वाडेकर या दौऱ्यानंतर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. एका सकाळच्या पडझडीला ऱ्हास समजले गेले, आणि त्याची किंमत एका व्यक्तीने मोजली.

याउलट 2020 च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला 36 धावांत सर्वबाद झालेल्या संघाने, अजिंक्य रहाणे याच्या नेतृत्वाखाली, पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील मालिका 2-1 अशी जिंकली. नीचांकाचा विक्रम झाला. पण ती पडझडच होती.

खरा ऱ्हास असा एका आकड्यात सापडत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध भारत 46 धावांत बाद झाला आणि सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरली. ढगाळ हवेत स्विंग होणाऱ्या चेंडूने ते घडवले होते. अधिक चिंताजनक गोष्ट पुढे घडली. पुण्यात 156 आणि 245. वानखेडेवर 147 धावांचा पाठलाग करताना 121. दोन्ही ठिकाणी मारा मुख्यतः फिरकीचा होता, आणि वानखेडेवर दुसऱ्या डावात सहा बळी घेणारा एजाझ पटेल मुंबईतच जन्मलेला! मायदेशातील मालिका भारताने 3-0 अशी गमावली. पाठोपाठ 2025 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्याला 124 धावांचे लक्ष्य असताना 93, आणि गुवाहाटीत 408 धावांनी पराभव.

येथे इतिहास उलटा झालेला दिसतो. पूर्वी परदेशातील वेग आपल्याला अनोळखी होता. आता घरची फिरकी परकी झाली आहे. रोहित शर्मा 2025 च्या जानेवारीत मुंबईकडून रणजी सामना खेळला तो जवळजवळ दहा वर्षांनी. दोष एकट्या खेळाडूचा नव्हे; आंतरराष्ट्रीय वेळापत्रक आणि आयपीएल यांमधून स्थानिक क्रिकेटसाठी सवडच उरत नाही. पावसाळी, ओल्या खेळपट्टीवर कांगा लीग खेळून तंत्र घासून घेण्याची मुंबईची परंपरा ज्या सवडीवर उभी होती, ती सवड संपली.

उतावळ्या निदानाचा धोका मात्र दुसऱ्या बाजूनेही असतो. 2017 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात महिला संघाने लॉर्ड्सवर शेवटचे सात गडी 28 धावांत गमावले. 2025 च्या स्पर्धेत सलग तीन पराभव झाले, आणि दोनदा शून्यावर बाद झालेल्या जेमिमा रॉड्रिग्जला एका सामन्यातून वगळण्यात आले. ती परतली, आणि 30 ऑक्टोबरला आपल्या नवी मुंबईत, नेरूळच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा करून तिने संघाला अंतिम फेरीत नेले. 2 नोव्हेंबरला त्याच मैदानावर विश्वचषक भारताचा झाला. त्या तीन पराभवांनंतर ‘ऱ्हास’ हा शब्द वापरणाऱ्यांना तो पंधरवड्यातच मागे घ्यावा लागला असता.

नीचांक नोंदवण्यासाठी धावफलक पुरेसा असतो. त्यामागे पडझड आहे की ऱ्हास, हे ठरवण्यासाठी दोन-तीन हंगामांचे डाव, खेळपट्ट्या आणि सरावाच्या सवयी शेजारी मांडून पाहाव्या लागतात. आज पुरुष संघाच्या मायदेशातील कसोटी फलंदाजीबाबत तसे पाहिले, तर दुसरा शब्द वापरण्यावाचून गत्यंतर नाही.