लग्न लावतो कोण?

मराठीत लग्न दोघे करतात, पण ते 'लावतो' तिसराच. या क्रियापदाच्या कर्त्याला कायद्याने किती जागा दिली, हे पाहायचे तर आम्हाला गोंदिया जिल्हा उद्बोधक वाटतो. तिथे या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे शेजारी नांदतात.

प्रश्नाची पूर्वपीठिका मात्र पुण्याची. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने सीताराम जबाजी आल्हाट व राधा यांचा विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून लावला. पुढे अशा विवाहांवर ग्रामजोशांनी हक्काची दक्षिणा मागितली. ओतूरचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद मंत्रांचा होता, तितकाच वतनाचा. ज्याला बोलावलेच नाही, त्यालाही द्यायचे का? मुंबई इलाख्यात सी. के. बोले यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली झालेल्या कायद्याने या सक्तीचा आधार काढून घेतला. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात. तो कायदा तिथला नव्हता.

तिथे उत्तर पोहोचले ते १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने. त्याच्या सातव्या कलमात वराकडील किंवा वधूकडील रूढ विधी आहेत, सप्तपदी असेल तिथे सातवे पाऊल आहे; पुरोहिताचा उल्लेख नाही. पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बौद्ध घरांतली लग्ने त्रिशरण-पंचशीलाने लागू लागली, सप्तपदी गेली. पण या कायद्याच्या कक्षेत बौद्धही येतात. धर्म सुटला, कायदा सुटला नाही. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला श्रद्धेने जाणाऱ्या गोंडांची गोष्ट निराळी. केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना हा कायदा लागूच होत नाही. त्यांच्या विवाहाला आधार त्यांच्या रूढीचा.

म्हणजे तिसरा माणूस कायद्यातून गेला का? तसे नाही. राज्याच्या १९९८च्या कायद्याखालील नोंदणीच्या अर्जात तीन साक्षीदारांबरोबर पुरोहिताच्या सहीचीही जागा आहे. कलमाने ज्याला वगळले, त्याला कागदाने परत बोलावले. आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की विधी झालेलाच नसेल तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही.

पोटगीसाठी न्यायालयात उभ्या राहिलेल्या स्त्रीला हा फरक नेमका कळतो. तिथे पुरोहित कोणत्या जातीचा होता, हे कुणी विचारत नाही. कोणता विधी झाला आणि तो कुणी पाहिला, हे विचारतात. फुल्यांनी लग्न लावण्याचा अधिकार यजमानाकडे आणला. त्या अधिकाराबरोबर पुराव्याचा भारही आला, तो मात्र बहुधा वधूच्याच वाट्याला.